विश्लेषण : सिरॅमिक की ग्राफिन? खान्देशच्या उन्हात गाडीच्या रंगासाठी नेमके काय घ्यावे?

जळगाव, धुळे किंवा भुसावळमध्ये नवी गाडी घेताना विमा आणि ॲक्सेसरीजच्या कागदांबरोबर हल्ली आणखी एक कागद पुढे सरकवला जातो. तो असतो सिरॅमिक कोटिंगच्या पॅकेजचा. खान्देशचे ऊन सगळ्यांनाच ठाऊक असल्यामुळे फार समजावून सांगावे लागत नाही. हप्त्यांमध्ये आणखी काही हजार मिळवले जातात आणि गाडी चमकत घरी येते. पंधरा-वीस वर्षांपूर्वी याच जागी ‘टेफ्लॉन’ हा शब्द होता. नंतर ‘सिरॅमिक’ आला आणि आता ‘ग्राफिन’ आला आहे. दुसरीकडे मोबाइलवर हेच शब्द छापलेल्या फवाऱ्याच्या बाटल्या काही शे रुपयांपासून दीड-दोन हजारांपर्यंत दिसतात. मग वीस-पंचवीस हजारांचे पॅकेज आणि सातशेची बाटली यांत नेमका फरक काय? आणि ग्राफिनसाठी जास्त पैसे मोजावेत का?

थोडक्यात उत्तर असे की, घरच्या घरी लावायचा साधा सिरॅमिक फवारा खान्देशातल्या बहुतेक गाड्यांना पुरेसा आहे. केवळ ग्राफिन या नावासाठी जास्त पैसे मोजण्याचे कारण नाही. बाटली कोणतीही घेतली तरी गाडी धुण्याची सध्याची पद्धत तशीच राहिली, तर ते पैसे वाया गेलेच म्हणून समजावे. मात्र हे उत्तर का, हे समजून घ्यायचे तर आधी गाडीच्या रंगाचे इथले शत्रू ओळखायला हवेत.

ऊन, धूळ की पाणी?

गाडीच्या पत्र्यावर गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि सर्वांत वर ‘क्लिअर कोट’ नावाचा पारदर्शक थर असतो. चमक दिसते ती या शेवटच्या थराची. त्याची जाडी साधारण ३५ ते ५० मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसापेक्षाही कमी. कंपनीतून आलेला हा थर एकदाच मिळतो. सगळी काळजी घ्यायची ती याचीच.

उन्हाने रंग उडतो, हे खरे. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा उन्हात उभ्या गडद रंगाच्या गाडीचे बॉनेट ७० अंशांच्या आसपास तापते. पण क्लिअर कोटमध्ये अतिनील किरण शोषणारी द्रव्ये कारखान्यातच मिसळलेली असतात. त्यावर एखाद्या मायक्रॉनचा थर चढवून ऊन अडत नाही. त्यासाठी शेड, झाडाची सावली किंवा कव्हरच लागते. त्यातही धुळीच्या गाडीवर कव्हर ओढले की ते सँडपेपरसारखे घासते.

धूळ हा त्याहून मोठा शत्रू. सुरत-नागपूर आणि मुंबई-आग्रा हे दोन्ही महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात. तरसोद ते फागणे या टप्प्याचे चौपदरीकरण तर वर्षानुवर्षे रेंगाळले आणि त्या काळात पाळधी, एरंडोल, पारोळ्याकडे रोज ये-जा करणाऱ्यांनी किती धूळ अंगावर आणि गाडीवर घेतली, ते त्यांनाच माहीत. भुसावळच्या बाजूला दीपनगर औष्णिक वीज केंद्राची राख आहे. या राखेत काचेसारखे टणक सिलिकाचे कण असतात. ही धूळ नुसती बसून काही बिघडवत नाही. बिघडते ते सकाळी कोरडे फडके मारल्यावर. बिल्डिंगचा वॉचमन किंवा गाडी पुसणारा मुलगा एकाच फडक्याने दहा गाड्या पुसतो. पहिल्या गाडीची वाळू दहाव्या गाडीवर फिरते. उन्हात पाहिले की बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल बारीक ओरखडे दिसतात, ते याच फडक्याचे.

तिसरा शत्रू पाणी, आणि खान्देशात तोच सर्वांत कमी ओळखला जातो. धुळे शहराच्या अनेक भागांत नळाला काही दिवसांआड पाणी येते. साहजिकच गाडीसाठी वापरले जाते ते बोअरचे पाणी. हे पाणी जड असते, त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. कूलरच्या गवताच्या जाळीवर एका उन्हाळ्यात जो पांढरा, टणक थर चढतो, तो याच क्षारांचा. गाडीवरही तेच घडते. पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात. उन्हात गाडी धुतली की पुसण्याआधीच थेंब वाळतात आणि प्रत्येक थेंबाच्या जागी पांढरे वर्तुळ उरते. ताजे असेल तोवर ते निघते. तापलेल्या पत्र्यावर आठवडाभर राहिले, तर क्लिअर कोटमध्ये खड्डा करून बसते.

याशिवाय किरकोळ त्रास आहेतच. पक्ष्यांच्या विष्ठेतले आम्ल उन्हात रंग खाते. कपाशीवर मावा पडला की पानांवर येतो तसाच चिकटा झाडाखाली उभ्या गाडीवर पडतो. रेल्वे यार्डाजवळ गाडी उभी राहत असेल, तर गाड्यांच्या ब्रेकमधून उडालेले लोखंडाचे कण पांढऱ्या रंगावर नारिंगी ठिपके पाडतात. आणि दसऱ्याला बॉनेटवर काढलेले हळद-कुंकवाचे स्वस्तिक चार दिवस तसेच राहिले, तर त्याची खूण सहज जात नाही.

मेण, सिरॅमिक आणि ग्राफिन : बाटलीत काय असते?

जुने वॅक्स म्हणजे मेण. त्यातले नावाजलेले कार्नोबा हे ईशान्य ब्राझीलमधल्या एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरचे मेण. शुद्ध रूपात ते ८० अंशांच्या वर वितळते. पण डबीत ते तसे नसते. लावता यावे म्हणून त्यात मऊ मेणे आणि द्रावके मिसळलेली असतात. चमक ओलसर, खोल आणि सुंदर येते, विशेषतः काळ्या किंवा मरून गाडीवर. मात्र रोज उन्हात उभ्या गाडीवर ते काही आठवडेच टिकते आणि कपड्यांच्या पावडरीने गाडी धुतली तर त्याहूनही आधी जाते.

‘सिरॅमिक’ या एकाच शब्दाखाली दोन वेगळ्या वस्तू विकल्या जातात आणि गोंधळाचे मूळ इथे आहे. एक म्हणजे स्टुडिओत लावतात ते कोटिंग. छोट्या काचेच्या बाटलीतले हे रसायन हवेतल्या ओलाव्याशी क्रिया करून कडक होते आणि क्लिअर कोटला घट्ट चिकटते. त्याची जाडीही साधारण एक-दोन मायक्रॉनच. ते पाण्या-साबणाने निघत नाही, पॉलिश करूनच काढावे लागते. दुसरी वस्तू म्हणजे सिरॅमिक वॅक्स किंवा सिरॅमिक स्प्रे. यात पाण्यात मिसळलेले सिलिकॉन पॉलिमर आणि थोडी चिकटणारी सिलिका-संयुगे असतात. तो फवारायचा आणि पुसायचा. थर याहूनही पातळ, टिकाऊपणा महिन्यांत मोजायचा. ही स्टुडिओच्या कोटिंगची स्वस्त नक्कल नव्हे, सुधारलेले वॅक्स आहे. तसे समजून घेतले तर किंमत वसूल होते, तीन वर्षांच्या अपेक्षेने घेतले तर पदरी निराशाच येते.

‘९ एच’ या शिक्क्याबद्दलही दोन शब्द. ग्राहकाला तो हिऱ्याच्या आसपासचा कडकपणा वाटतो, कारण शाळेत शिकलेल्या मोज पट्टीवर हिरा १० वर असतो. इथला ‘९ एच’ मात्र पेन्सिलीचा आहे. वेगवेगळ्या कडकपणाच्या पेन्सिली थरावर ओढून कोणतीने ओरखडा पडतो, हे पाहण्याची ती चाचणी. ९ एच म्हणजे त्या संचातली सर्वांत कडक पेन्सिल. रस्त्यावरच्या वाळूतले क्वार्ट्‌झ किंवा किल्लीचे टोक यांच्यापुढे हा एक मायक्रॉन काही टिकत नाही. दगड उडून पडणारा टवका, दाराला दार लागून येणारी खरोच यांपासून वाचवते ती जाड पारदर्शक फिल्म, म्हणजे पीपीएफ. तिची जाडी दीडशे-दोनशे मायक्रॉन असते आणि किंमतही त्याच मापाची.

टेफ्लॉनची आठवण इथे उपयोगी पडते. टेफ्लॉन ३२७ अंशांना वितळते आणि तव्यावर ते भट्टीत तापवून चढवावे लागते. गाडीवर हाताने चोळून ‘टेफ्लॉन कोटिंग’ तव्यासारखे चिकटेल, हे शक्यच नव्हते. तरीही तो शब्द या बाजारात वर्षानुवर्षे खपला. नावाची जादू आणि रसायनाचे काम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मग ग्राफिनचे काय?

ग्राफिन हा पदार्थ खराच अद्भुत आहे. कार्बनच्या एकाच अणूच्या जाडीचा हा पापुद्रा. ब्रिटनमधल्या मँचेस्टर विद्यापीठात आंद्रे गाइम आणि कॉन्स्टंटिन नोव्होसेलोव्ह यांनी २००४ मध्ये ग्रॅफाइटवर चिकटपट्टी लावून आणि उचलून तो वेगळा केला. २०१० मध्ये त्यांना भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. ग्राफिन पोलादापेक्षा कितीतरी पट मजबूत आहे आणि उष्णता अतिशय वेगाने वाहून नेते.

पण हे गुण आहेत अखंड पापुद्र्याचे. वॅक्सच्या बाटलीत असते ते बहुधा ग्राफिन ऑक्साइड, म्हणजे त्याचे रासायनिक भावंड, तेही बारीक तुकड्यांच्या स्वरूपात आणि अल्प प्रमाणात. उरलेला जवळजवळ सगळा मसाला सिरॅमिक फवाऱ्याचाच. विटांच्या ढिगात चार पोलादी खिळे टाकल्याने भिंत पोलादाची होत नाही.

ग्राफिनवाल्यांचा आवडता दावा असा की, थर उष्णता पसरवतो, त्यामुळे पत्रा कमी तापतो आणि पाण्याचे डाग कमी पडतात. खान्देशी ग्राहकाला याच दाव्याचा मोह पडणार. परंतु रंगाच्या खाली आधीच सुमारे पाऊण मिलिमीटरचा पोलादी पत्रा आहे आणि पोलाद स्वतःच उष्णता चांगली पसरवते. वरच्या मायक्रॉनभर थराने त्यात काय फरक पडणार? गाडी तापते ती ऊन शोषल्यामुळे. पांढरी गाडी काळीपेक्षा कमी तापते, हा फरक हाताला कळतो. ग्राफिनचा तसा कळत नाही.

याचा अर्थ ग्राफिनची बाटली वाईट असा मुळीच नाही. त्यात सिरॅमिक फवारा असतोच, त्यामुळे ती कामही करतेच. सारख्याच किमतीत मिळत असेल तर घ्यायला हरकत नाही. दीडपट किंवा दुप्पट किंमत असेल, तर मात्र जास्तीचे पैसे नावाचे आहेत.

पाण्याचे मोती आणि पांढरी वर्तुळे

प्रत्येक जाहिरातीत बॉनेटवरून पाण्याचे मोती घरंगळतात. फवारा लावल्यावर तसे खरोखर होते आणि मन सुखावते. पावसाळ्यात, पावसाच्या जवळपास क्षारमुक्त पाण्यात, ते उपयोगाचेही आहे, कारण चिखल पाण्याबरोबर निघून जातो.

खान्देशच्या उन्हाळ्यात बोअरच्या पाण्याने मात्र हेच मोती त्रास देतात. थेंब पसरट न राहता उभा, गोल राहतो. त्यातले सगळे क्षार एका छोट्या ठिपक्यात गोळा होतात आणि डाग अधिक ठळक उठतो. ‘सिरॅमिक करूनही पांढरे डाग पडतात’ ही तक्रार म्हणूनच येते. गाडीवाल्याला वाटते माल नकली होता. माल बहुधा ठीकच असतो, पाणी वाळू दिलेले असते. सिरॅमिक असो वा ग्राफिन, पाण्याचे डाग अडवण्याची हमी कोणतीही बाटली देऊ शकत नाही. थर असल्याचा फायदा इतकाच की, डाग लगेच क्लिअर कोटपर्यंत पोहोचत नाही आणि लवकर पुसला तर सहज निघतो.

उपाय पाण्यातच आहे. धुणे कोणत्याही पाण्याने करावे, पण शेवटचा हात घरच्या आरओच्या शुद्ध पाण्याचा असावा. दोन-तीन लिटर पुरते. इथे एक चूक सर्रास होते. पाणी वाया जाऊ नये म्हणून आरओच्या दुसऱ्या नळीतून निघणारे पाणी साठवून त्याने गाडी धुतली जाते. हेतू चांगला असला, तरी त्या पाण्यात क्षार मूळ पाण्यापेक्षा जास्त असतात. ते फरशीला वापरावे, गाडीच्या शेवटच्या हाताला नको. एसीच्या नळीतून ठिबकणारे पाणी मात्र जवळपास क्षारमुक्त असते, ते बादलीत जमवून वापरता येते. कूलरच्या टाकीतल्या उरलेल्या पाण्याची गोष्ट उलटी. पाणी उडत जाते तसे त्यात क्षार वाढतच जातात.

ताजे पांढरे डाग पडलेच, तर पांढरे व्हिनेगर आणि शुद्ध पाणी समप्रमाणात घेऊन सावलीत, गार पत्र्यावर ओल्या कापडाने अलगद फिरवावे आणि लगेच धुऊन टाकावे. त्याने निघाले नाही, तर डाग खोल गेला आहे. मग पॉलिशशिवाय पर्याय नाही.

सातशे रुपयांत काय बघून घ्यावे?

बाजारात टर्टल वॅक्स, मेग्वायर्स, थ्रीएम, सॉनॅक्स यांसारखी परदेशी नावे आहेत, तसे वेवेक्स, मोटोमॅक्स, वॅक्सपॉल यांसारखे भारतीय ब्रँडही आहेत. नावापेक्षा वापरायची पद्धत आधी पाहावी. काही सिरॅमिक वॅक्स ओल्या गाडीवर फवारून मग जोरदार पाण्याच्या झोताने धुवायची असतात. मेग्वायर्सचे ‘हायब्रिड सिरॅमिक वॅक्स’ या प्रकारातले. वस्तू चांगली आहे, पण त्यासाठी प्रेशर पंप आणि भरपूर पाणी हवे. पाण्याची वाट पाहणाऱ्या धुळ्याच्या घरात ती गैरसोयीची, आणि झोत जड पाण्याचा असेल तर कपाळमोक्षच. इथे फवारून कापडाने पुसायचा प्रकार सोयीचा.

दुसरे, किंमत बाटलीची नव्हे, एका वापराची काढावी. समजा अर्धा लिटरची बाटली ७०० रुपयांना आहे. स्विफ्ट किंवा वॅगनआर एवढ्या गाडीला एका वेळी ४० मिली लागले, तर बाटलीत बारा वेळा होते. एका वेळचा खर्च साठ रुपयांच्या आत. दर तीन महिन्यांनी लावले तरी वर्षाचे अडीचशेही होत नाहीत. अर्टिगा किंवा बोलेरोला दीडपट धरावे. दोनशे मिलीची बाटली साडेतीनशेला दिसली की स्वस्त वाटते, पण हिशेब केला तर ती महाग पडते. मात्र पहिल्यांदा घेताना छोटीच घ्यावी.

तिसरे, बाटलीवरचा ‘बारा महिन्यांपर्यंत’ हा दावा वाचताना ‘पर्यंत’ या शब्दावर बोट ठेवावे. उघड्यावर उभ्या गाडीला खान्देशात तीन महिने मिळाले तरी समाधान मानावे. ‘सिलिका इतके टक्के’ हा आकडाही तुलनेसाठी निरुपयोगी, कारण तो कंपनीने स्वतःच छापलेला असतो आणि प्रत्येकाची मोजणी वेगळी. त्यापेक्षा उत्पादकाचा किंवा आयातदाराचा पूर्ण पत्ता, निव्वळ प्रमाण, एमआरपी, उत्पादनाचा महिना-वर्ष आणि ग्राहक सेवा क्रमांक छापलेला आहे का, ते पाहावे. पॅकबंद मालावर ही माहिती देणे कायद्याने बंधनकारक आहे. ती नसलेली ‘इंपोर्टेड नॅनो ग्राफिन’ बाटली कितीही स्वस्त असली तरी दुकानातच राहू द्यावी.

कोणती चालते, हे ठरवायचा सर्वांत भरवशाचा मार्ग घरीच आहे. बॉनेट स्वच्छ धुऊन मध्यभागी कागदी चिकटपट्टी लावायची. डाव्या अर्ध्यावर नवा फवारा, उजव्यावर काहीच नाही. पट्टी काढून दीड महिना नेहमीसारखी गाडी वापरायची. धूळ कोणत्या बाजूची सहज निघते, पाणी कुठून लवकर ओघळते, हे डोळ्यांना दिसते. पाणी ओघळायचे थांबले म्हणजे थर गेलाच, असेही नाही. अनेकदा वर नुसता मळ बसलेला असतो. शाम्पूने एकदा धुऊन मगच निकाल द्यावा.

बाटलीआधी फडके बदला

खर्चाचा पहिला हिस्सा बाटलीवर नव्हे, चार-सहा चांगली मायक्रोफायबर कापडे, गाडीचा शाम्पू आणि दोन बादल्यांवर व्हावा. एका बादलीत शाम्पू, दुसऱ्यात साधे पाणी. कापड प्रत्येक वेळी साध्या पाण्यात खळबळून मगच शाम्पूत बुडवायचे. वाळू पहिल्या बादलीत परत जात नाही. पाण्याची टंचाई असेल तर ‘रिन्सलेस वॉश’ प्रकारचे द्रावण मिळते. दहा लिटर पाण्यात झाकणभर टाकले की अख्खी गाडी त्याच पाण्यात होते, वरून पाणी ओतावे लागत नाही. नळी लावून धुण्याच्या तुलनेत वाचणारे पाणी शेकड्यात मोजावे लागेल. मात्र चिखल किंवा जाड धूळ असेल, तर आधी पाण्याने ती सोडवलीच पाहिजे.

कपड्यांची पावडर आणि भांड्यांचा साबण वॅक्स काढून टाकतात. डिझेल किंवा रॉकेलचा हात फिरवून चमक आणण्याची जुनी खोड अजूनही कुठे कुठे दिसते. त्या तेलकट थरावर दुप्पट धूळ बसते आणि दाराची रबरे खराब होतात.

फवारा लावायची वेळ इथे पहाटेची, निदान ऊन चढण्याआधीची. बॉनेटवर हाताचा पालथा पंजा ठेवून पाहावा, गार लागले तरच सुरुवात करावी. एका वेळी एकच भाग घ्यायचा, कापडावर दोन-तीन फवारे मारून पातळ पसरवायचे आणि वाळण्याआधी दुसऱ्या कोरड्या कापडाने पुसून घ्यायचे. जास्त लावल्याने जास्त टिकत नाही, उलट तेलकट पट्टे राहतात. पुढच्या काचेवर मारू नये, वायपर थरथरतो आणि रात्री समोरच्या दिव्यांचा झगमगाट वाढतो. ब्रेकच्या चकत्यांवर तर उडूही देऊ नये. निदान एक दिवस गाडी कोरडी राहील, असा दिवस निवडावा. दिवाळीच्या साफसफाईत एकदा, मार्चच्या सुरुवातीला एकदा आणि पाऊस सुरू होण्यापूर्वी एकदा, एवढे केले तरी वर्ष निघते. बाटली उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत ठेवू नये.

अपघातानंतर एखादा भाग नव्याने रंगवला असेल, तर त्यावर निदान महिनाभर, शक्यतो दोन-तीन महिने काहीच लावू नये. गॅरेजमधल्या रंगातील द्रावके उडून जायला तेवढा वेळ लागतो. उलट, गाडीला सिरॅमिक लावलेले असेल तर डेंटिंग-पेंटिंगला देताना तसे सांगावे. सिलिकॉनचा अंश राहिला की नव्या रंगात माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात आणि दोष बिचाऱ्या पेंटरवर जातो.

स्टुडिओचे पॅकेज कोणासाठी?

गडद रंगाची नवी गाडी, ती सात-आठ वर्षे ठेवायचा विचार, रात्री छप्पर आणि धुणाऱ्याच्या हातावर विश्वास, अशी स्थिती असेल तर स्टुडिओचे कोटिंग पैसे वसूल करते. मात्र पैसे देण्याआधी विचारायचे प्रश्न आहेत. बाटली समोर फोडणार का? आधी पॉलिश किती करणार? ‘मेंटेनन्स’साठी वर्षातून किती वेळा यावे लागेल आणि त्याचे वेगळे पैसे आहेत का? वॉरंटी कशाची, चमकेची, पाणी ओघळण्याची की रंग उडण्याची? पाण्याचे डाग आणि ओरखडे वॉरंटीतून वगळलेले असतील, तर खान्देशात उरते तरी काय?

पॉलिशच्या प्रश्नाला विशेष महत्त्व आहे. ओरखडे घालवताना मशीन क्लिअर कोटचा काही मायक्रॉन भाग काढून टाकते. जन्मात दोन-तीनदा ते चालते. वॉशिंग सेंटरवर दर दिवाळीला ‘रबिंग-पॉलिश’ करून घेणारे गाडीमालक आपल्या हातानेच तो ४० मायक्रॉनचा थर संपवत आणतात. दहा वर्षांच्या गाड्यांच्या छतावर आणि बॉनेटवर पांढरे पापुद्रे सुटलेले दिसतात, त्यात उन्हाइतकाच या मशीनचाही वाटा असतो.

कर्जाने घेतलेली टॅक्सी, रोज चोपडा-यावल फेरी करणारी अर्टिगा, शेताच्या बांधावरून भरीत पार्टीला जाऊन काट्याकुट्यांच्या फांद्या घासून येणारी बोलेरो, तीन वर्षांत विकायची हॅचबॅक, यांना ते पॅकेज परवडण्यासारखे नाही. गाडी विकताना वापरलेल्या गाडीचा व्यापारी किलोमीटर, टायर, अपघाताच्या खुणा आणि कागदपत्रे पाहतो. रंग स्वच्छ आणि मूळचा असला की त्याला पुरते. तो कोणत्या कोटिंगने तसा राहिला, याचे वेगळे पैसे तो देत नाही.

दावा खोटा निघाला तर?

शोरूममध्ये कोटिंग सक्तीचे आहे असे सांगितले, तर ते लेखी मागावे. बहुतेक वेळा विषय तिथेच संपतो. पैसे दिले असतील तर बिलावर नुसते ‘कोटिंग’ असे न लिहिता उत्पादनाचे नाव, किती थर आणि वॉरंटीचा कालावधी लिहून घ्यावा, काम झाल्यावर उन्हात गाडीचे फोटो काढून ठेवावेत. दिशाभूल करणारी जाहिरात आणि सेवेतील त्रुटी या दोन्हींविरुद्ध ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दाद मागता येते. सुरुवात राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर करता येते. तिथे न मिटल्यास जळगाव आणि धुळे, दोन्ही ठिकाणी जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग आहे. ऑनलाइन घेतलेल्या बाटलीबाबत तक्रार करायची असेल, तर वस्तूच्या पानावर छापलेल्या दाव्याचा स्क्रीनशॉट खरेदीच्या दिवशीच काढून ठेवावा, कारण ती पाने नंतर बदलतात.